पैसे भरून जंगलात राबायला पेरूला जावं का? तांबोपाताचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. जंगलाला पाच, कामाला चार, ज्या एजन्सीमार्फत बुक केलं तिला दीड, आणि बाथरूमला काहीच देत नाही, नदीचं गार पाणी आणि कोपऱ्यात मुक्कामाला असलेला बेडूक हे पॅकेजमध्येच होतं म्हणायचं.

जागा म्हणजे दक्षिण पेरूतला माद्रे दे दिओस प्रांत. लिमाहून विमानाने पुएर्तो माल्दोनादो, तिथून पेके-पेके (लांब दांड्याच्या मोटरची होडी, आवाजावरूनच नाव पडलंय) पकडून तांबोपाता नदीने वरच्या अंगाला कित्येक तास. मी जिथे व्हॉलंटिअर म्हणून राहिले त्या रिसर्च स्टेशनचं नाव टाकत नाही, कारण अशा स्टेशनांवर कोऑर्डिनेटर सीझनला बदलतात आणि त्या पट्ट्यात ज्या जागा व्हॉलंटिअर घेतात त्यांची पद्धत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. तुम्ही आठवड्याला काहीशे डॉलर भरता, ते जेवण, झोपायला मच्छरदाणीवाला पलंग आणि काम देतात. हो, काम ते देतात आणि पैसे तुम्ही देता. हे घरी सांगितलं तेव्हा आमचे भाऊजी म्हणाले, वहिनी पैसे भरून मजुरीच करायचीय तर राजापूरला आपल्या बागेत या ना, आंबे उतरवायला माणसं मिळत नाहीयेत, वर जेवायला पण घालतो.

प्रश्न तसा चुकीचा नाही. मी तिथे गेल्यावर कोऑर्डिनेटरला सरळ विचारलं, पैसे जातात कुठे. त्याने न चिडता हिशोब सांगितला. होडीचं पेट्रोल, स्वयंपाकीण, दोन स्थानिक गाइड, जनरेटर, बॅटऱ्या, छपराची पानं दर काही वर्षांनी बदलायचा खर्च. रिसर्च ग्रँट मिळते ती एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टपुरती, दोन वर्षं, मग संपते, पण पक्ष्यांची मोजणी वीस वर्षं सलग चालवायची असेल तर तांदूळ-डाळीचे पैसे कुणीतरी दर महिन्याला द्यायलाच लागतात आणि ते कुणीतरी म्हणजे आपण. मला हे पटलं. जे पटलं नाही ते म्हणजे एजन्सीने मधल्यामध्ये घेतलेला वाटा, स्टेशनचा थेट रेट आणि माझी पावती यातला फरक बघून डोक्याला शॉट बसला. थेट ईमेल करा, उत्तर यायला आठवडा लागतो कारण तिथे नेट येत-जात असतं, पण येतं.

आता काम. सगळ्यात भारी काम कोल्पाचं. कोल्पा म्हणजे नदीकाठची मातीची उघडी दरड, जिथे पोपट आणि मकाव (लांब शेपटीचे मोठे पोपट) माती खायला येतात. चारच्या आधी उठवतात, गमबूट उलटे करून झटकायचे आणि मगच पाय घालायचा, अंधारात होडी, उजाडायच्या आत झापांच्या आडोशामागे बसायचं आणि तोंड बंद. आधी वरच्या झाडांवर नुसता कलकलाट, शेकडो पोपट, पण खाली उतरायला कुणी तयार नाही, एक उतरतो, घाबरून परत वर जातो, मग दुसरा, आणि एकदम सगळी दरड हिरवी-निळी-लाल होते. तुम्ही बघत बसायचं नाही. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघून मातीवर कुठल्या जातीचे किती ते लिहायचं, लाल-हिरवे मकाव इतके, निळे-पिवळे इतके, निळ्या डोक्याचे पोपट इतके. मोजून होतंय तोवर वरून ससाणा गेला की फर्रकन सगळे गायब, आणि मग तक्त्यात कारण भरायचं, शिकारी पक्षी, होडी, का माहीत नाही. माझ्या तक्त्यात "माहीत नाही" बरेच आहेत आणि तसंच लिहायचं असतं, उगाच मनाने कारण शोधून काढायचं नसतं.

माती का खातात तर आधी असं मानायचे की कच्च्या फळांतलं विष मारायला. पण तांबोपातात वर्षानुवर्षं झालेल्या कामातून सोडियमचं कारण जास्त पक्कं वाटायला लागलंय, पाऊस येतो तो पार अटलांटिककडून अख्खं खंड ओलांडून, समुद्राचं मीठ इथवर पोचतच नाही, झाडपाला अळणी, मग दरडीतली खारट माती चाटायची.

दुसरं काम कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. समोरासमोर दोन लावतात कारण जॅग्वारच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात आणि एकाच बाजूचा फोटो मिळाला तर हा तोच का दुसरा हे कळत नाही. चिखल तुडवत जायचं, कार्ड काढायचं, बॅटऱ्या, सिलिका जेलची पुडी, आत मुंग्यांनी संसार मांडलेला असेल तर ब्रशने हलवायचा, आणि संध्याकाळी जनरेटर चालू असेपर्यंत लॅपटॉपवर फोटो छाटायचे. हलणारं पान, हलणारं पान, अगूती (सशाएवढा कुरतडणारा प्राणी), हलणारं पान, रानडुकरांचा कळप, आपल्याच गाइडचा पाय, हलणारं पान. जॅग्वार मला फोटोतच दिसला, तोही शेपटीकडून. पण खरं सांगू का, मला हे काम आवडलं, आणि इथे व्हॉलंटिअरचा खराच उपयोग होतो कारण हजारो फोटो आणि छाटायला माणूस नाही. मी गेले तेव्हा आधीच्या सीझनची कार्डं तशीच डब्यात पडून होती, त्याचा एक स्टार कापलाय.

फुलपाखरांच्या जाळ्यात सडक्या केळ्यांचा लगदा घालतात, आंबवून. तो डबा उचलून नेणाऱ्याच्या शेजारी दुपारपर्यंत कुणी बसत नाही. असो.

आता जे उगाच वाटलं ते. सहा जणांची रांग करून "सस्तन प्राणी ट्रान्सेक्ट", म्हणजे ठरलेल्या वाटेने चालत दिसतील ते प्राणी मोजायचे. पुढे गाइड, मागे दोन कॉलेजची पोरं गप्पा मारतायत, मधे कुणाची तरी पाण्याची बाटली खुळखुळतेय, माकडं आपल्याला दोनशे मीटरवरूनच ऐकून निघून जाणार, आणि आपण तक्त्यात "काही दिसलं नाही" लिहिणार. पक्ष्यांच्या आवाजावरून मोजणीचं तेच, नवख्याला दोन आठवड्यांत शेकडो आवाज ओळखता येत नाहीत, प्रत्यक्षात गाइड ओळखतो आणि आपण लिहितो. एका रिसर्च असिस्टंटने खासगीत कबूल केलं की दर पंधरा दिवसांनी मोजणारी माणसं बदलली की आकडे प्राण्यांमुळे बदलले का माणसांमुळे हेच सांगता येत नाही. कोल्पाला तसं होत नाही कारण तिथे आधी ओळखीची परीक्षा घेतात आणि पास झाल्याशिवाय वही हातात देत नाहीत (मला पोपटांच्या दोन जाती सारख्याच वाटायच्या, परत बसवलं). म्हणून बुक करायच्या आधी एकच गोष्ट विचारा, मोजणी करणाऱ्याला ट्रेनिंग किती दिवस आणि डेटा कोण वापरतं. याचं उत्तर गोलमोल आलं की समजा सहलच आहे, फक्त महाग. आणि पिल्लू माकड कडेवर घेतलेला फोटो वेबसाइटवर असेल तर तिकडे फिरकूच नका, संशोधन करणारे लोक प्राणी हाताळायला देत नाहीत.

एक दिवस कास्तान्या म्हणजे ब्राझील नटच्या जंगलात नेलं, तो दिवस पैसा वसूल. झाड पन्नास मीटरपर्यंत जातं, फळ लाकडासारखं टणक, दोन किलोपर्यंत वजन, पावसाळ्यात वरून पडतात म्हणून लोक हेल्मेट घालून गोळा करतात. ते कवच दाताने फोडणारा प्राणी म्हणजे अगूती, थोड्या बिया खातो, थोड्या पुरून विसरतो, त्यातून नवीन झाडं. आणि फुलाचं परागीकरण मोठ्या रानमधमाश्या करतात, ज्यांना आजूबाजूला जंगल लागतं, म्हणून जंगल तोडून नुसती याची बाग लावली तर फळ नीट धरत नाही. त्यामुळे बियांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या कुटुंबांना जंगल उभं ठेवणं परवडतं. आमच्या सोबतच्या गाइडच्या सासऱ्यांकडे असा पट्टा होता, तो गाइड कोयत्याने एक फळ फोडून सगळ्यांना वाटत म्हणाला, यंदा भाव बरा आहे. त्याला त्याहून जास्त काही बोलायचं नव्हतं.

आणि सोनं. हे लिहिल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही. पुएर्तो माल्दोनादोला विमान उतरताना खिडकीतून बघा, हिरव्यागार जंगलात मधेच पिवळट-तपकिरी डबक्यांचे पट्टे दिसतात, ती सोन्याची खोदाई. नदीकाठच्या गाळात सोनं भुकटीसारखं असतं, ते गोळा करायला पारा टाकतात, मग तो मिश्र गोळा तापवून पारा उडवतात, तो हवेत आणि नदीत, तिथून माशांत, माशांतून माणसांत. म्हणून तिथे मोठे शिकारी मासे जपून खा म्हणतात. इंटरओशिअनिक हायवेलगतचा ला पाम्पा हा भाग तांबोपाता रिझर्व्हच्या बफरमध्येच येतो, फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारने ऑपरेशन मर्क्युरी काढून तिथे पोलीस आणि लष्कर घातलं, तिथली खोदाई बरीच घटली आणि बरीचशी दुसरीकडे सरकली. रिझर्व्ह २००० सालचं, साधारण पावणेतीन लाख हेक्टर, आणि त्याला लागून बाहुआहा-सोनेने नॅशनल पार्क दहा लाख हेक्टरच्या वर, एवढ्या जंगलाला वनरक्षक किती पुरणार. आता आपला संबंध. पेरू भारताला जे विकतो त्यात सगळ्यात मोठा वाटा सोन्याचाच आहे. त्यातलं कुठलं तांबोपाताजवळून आलं हे सोनारालाही सांगता येणार नाही, पण जेवताना एका पेरूव्हियन मुलीने माझ्या मंगळसूत्राकडे बघून सहज विचारलं की तुमच्याकडे लग्नात किती सोनं लागतं, आणि मी आपलं डाळ वाढून घेतली.

डाळीवरून आठवलं, जेवण. शाकाहारी लोकांनी अजिबात घाबरू नका, भात, मसूर, राजमा, तळलेली केळी, युका (आपला साबुदाणा ज्या कंदाचा तोच), रोज तेच आणि तेच. तिखट वेगळं ठेवतात, मी नेलेल्या कोरड्या ठेच्याची बाटली तिसऱ्या दिवशी टेबलावर सार्वजनिक झाली. मेतकूट न्या, भातावर उपयोगी पडतं.

कपड्यांचं एक कुणी सांगत नाही. जून ते ऑगस्टमध्ये मधूनच दक्षिणेकडून थंड हवा येते, फ्रियाहे म्हणतात, आदल्या दिवशी घामाने निथळत असता आणि दुसऱ्या दिवशी पारा दहा-बारा डिग्रीपर्यंत खाली, भिंती नाहीत, नुसतं छप्पर आणि जाळी. अॅमेझॉन म्हणून सगळे टीशर्ट भरून येतात आणि मग ताडपत्री गुंडाळून बसतात. एक स्वेटर टाकाच. जळवा मात्र नाहीत, सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांनी इथे एक क्षण आनंद साजरा करावा, कारण त्याऐवजी इसुला नावाची बोटाच्या पेराएवढी मुंगी आहे जिच्या दंशाने माणूस दिवसभर कण्हतो, आणि बॉटफ्लाय नावाची माशी, जिची अंडी डासाच्या पोटाला चिकटून येतात आणि अळी आपल्या कातडीत वाढते. आमच्यातल्या एकाच्या खांद्यातून काढली, सगळे व्हिडिओ घेत होते. वाळूमाशीमुळे लेशमॅनियासिस होतो, त्याला लस नाही, बाही लांब ठेवा आणि परत आल्यावर महिन्याभराने सुद्धा बरी न होणारी जखम दिसली तर डॉक्टरला पेरूला गेल्याचं सांगा, नाहीतर तो मलम देऊन घरी पाठवेल. हॉस्पिटल होडीने कित्येक तासांवर आहे, म्हणून साप चावला तर काय करता, रात्री होडी निघते का, हे आधी विचारा आणि इव्हॅक्युएशन कव्हर असलेला इन्शुरन्स घ्या.

स्पॅनिश येत असेल तर एक स्वस्त वाट पण आहे, सेरनान्प म्हणजे पेरूची संरक्षित क्षेत्रं बघणारी सरकारी संस्था, ती तांबोपातात वनरक्षकांबरोबर काम करायला व्हॉलंटिअर घेते. तिथे मकावपेक्षा झाडलोट आणि चौकीवरची नोंदवही जास्त, पण फी नाही आणि काम खरं. नुसत्या इंग्रजीवर जाऊ नका.

कुणी जाऊ नये तर ज्यांना जॅग्वार बघायचाच आहे त्यांनी, त्या पैशात ताडोबाला वाघ बघून याल आणि उरलेल्यात गाडीला टायर घालाल. गुडघे दुखतात त्यांनी, वाट म्हणजे नुसता चिखल. आणि ज्यांना रोज रात्री घरी व्हिडिओ कॉल लागतो त्यांनी, साडेदहा तासांचा फरक आहे, आपल्याकडे सकाळची कुकरची शिट्टी होते तेव्हा तिथे आदल्या दिवशीची रात्र.

व्हिसाचं असं की अमेरिका, यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा निदान सहा महिने चालणारा व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना पेरूचा टुरिस्ट व्हिसा वेगळा लागत नाही, नसेल तर दिल्लीच्या वकिलातीतून काढायचा, जायच्या आधी नियम एकदा बघून घ्या. आणि यलो फीवरची लस निघायच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातूनच, अपॉइंटमेंट लवकर घ्या कारण तारखा मिळत नाहीत. लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड चेक-इन बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. पेरूहून येणाऱ्याला भारतात उतरल्यावर ते दाखवावं लागतं आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात, मग घरचे बाहेर गाडी घेऊन उभे असले तरी उपयोग नाही.