तापकीर गल्लीतलं लॅपटॉप रिपेअरचं दुकान: आधी तपासतात, मग खोलतात

माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर उभ्या रेघा यायला लागल्या होत्या, झाकण जरा मागे ढकललं की सगळं काळं आणि पुढे घेतलं की परत चालू. आधी एका सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथल्या मुलाने नुसता चालू करून बघितला आणि लगेच "पॅनल गेलंय मॅडम, साडेसात हजार होतील". बाकी तपासणी वगैरे काहीच नाही! मग ऑफिसमधल्या एकीने पुण्यातल्या तापकीर गल्लीतलं हे दुकान सांगितलं.

इथल्या काकांनी स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी एचडीएमआय केबलने बाहेरचा मॉनिटर जोडला. त्यावर चित्र एकदम स्वच्छ. "ताई, ग्राफिक्स ठीक आहे तुमचं." मग बायोस (विंडोज सुरू व्हायच्या आधीची लॅपटॉपची स्वतःची सेटिंगची स्क्रीन) उघडलं, तिथेही रेघा होत्या, म्हणजे विंडोजचा किंवा ड्रायव्हरचा संबंध नाही, फॉरमॅट मारून काडीचाही फायदा झाला नसता. मग झाकण हळूहळू पुढेमागे करत बसले आणि ठरावीक ठिकाणी आलं की रेघा येतात हे मलाच दाखवलं. बिजागरीतून जी डिस्प्ले केबल जाते ती दुखावलेली असली की असं होतं म्हणे, पॅनल गेलेलं असेल तर रेघा सहसा झाकण कसंही धरा, तिथेच राहतात.

खोलल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढला, कारण करंट चालू असताना डिस्प्लेची केबल ओढली तर बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनच्या मागच्या उजेडाचा, फ्यूज उडू शकतो. केबल बघितली तर डाव्या बिजागरीपाशी वरचं आवरण घासून आतल्या केसासारख्या तारा उघड्या पडलेल्या. नवीन ३० पिनची केबल टाकली आणि बिजागरी फार घट्ट झाली होती ती पण थोडी सैल करून दिली, नाहीतर नवीन केबलचीही तीच गत. मजुरी धरून १,४०० रुपये झाले.

मी बसलेली असताना एक कॉलेजचा मुलगा पूर्ण काळी स्क्रीन घेऊन आला, काकांनी मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर डेस्कटॉपचे आयकॉन अंधुक दिसत होते, म्हणजे चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. इतकं साधं तपासायला कितीसा वेळ लागतो हो? गिऱ्हाइकाला समोर बसवून असं दाखवणारा माणूस मिळणं फार मोठी गोष्ट आहे, म्हणून पाचपैकी साडेचार स्टार.

अर्धा स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, ते आठवणीने मागून घ्या, केबलची तीन महिन्यांची वॉरंटी त्यावरच लिहून देतात. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळतच नाही, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. आणि दुपारच्या आत गेलात तर त्याच दिवशी परत मिळतो.