टॉवेल कारखान्यांत माझ्याबरोबर फिरणारा छोटा लॅपटॉप, दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

दिवाळीच्या आधी घेतला होता, आता मिरगाचा पाऊसपण येऊन गेला. म्हणजे थंडी, मार्चएंड आणि सोलापूरचा उन्हाळा तिन्ही बघून झालंय, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. चार दिवस वापरून लोक पाच स्टार देऊन मोकळे होतात त्याला काही अर्थ नसतो, चार दिवसांत सगळंच फास्ट पळतंय.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. स्क्रीन ११.६ इंची, वजन किलोच्या थोडं वर, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेज (ईएमएमसी काय ते पुढं सांगते), विंडोज ११. वीस हजाराच्या आत बसला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीत वरचं झाकण तेवढं वेगळं, पोटात सगळ्यांच्या तेच आहे, तोच नाहीतर त्याचाच भाऊ असलेला प्रोसेसर आणि तेवढीच मेमरी.

मी हिशोबाची कामं करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आणि अशोक चौकाकडं काही टॉवेल कारखान्यांची बिलं, ई-वे बिल, जीएसटी रिटर्न, कामगारांचा आठवड्याचा पगार असलं सगळं. घरी डेस्कटॉप आहे आणि आधी एक १५.६ इंची लॅपटॉप होता, दोन किलोच्या वरचा, त्यात त्याचा चार्जर म्हणजे वीटच. स्कूटीवर पाठीला अडकवून दोन कारखाने फिरले की खांदा भरून यायचा, मग हळूहळू तो घरीच राहायला लागला आणि मी कारखान्यातनं चलनांचे गठ्ठे पिशवीत घालून घरी आणायला लागले. रात्री एंट्री करायला बसलं की एक चलन नेमकं सापडत नाही, एकावर मीटरचा आकडा वाचता येत नाही, कुणाला विचारावं तर कारखाना बंद.

आणि ओटीपी! जे कारखाने एकाच माणसाच्या मालकीचे आहेत त्यांचं रिटर्न ओटीपीवर भरता येतं, तो ओटीपी जातो मालकाच्या मोबाईलवर. मी घरनं फोन करणार, तिकडं लूम चालू, मालक ओरडून विचारणार "काय म्हणला ताई?", मी ओरडून सांगणार, चार आकड्यांपर्यंत यायचो आम्ही तोवर वेळ संपायची. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) आणि २० तारखेला ३बी (कर भरायचं रिटर्न), दर महिन्याला हाच तमाशा.

या छोट्या लॅपटॉपनं केलंय काय तर काम जिथं आहे तिथं मला नेऊन बसवलंय. पर्समध्ये नाही मावत पण साध्या कापडी पिशवीत डब्याशेजारी बसतो. पॅकिंगच्या टेबलावर टॉवेलच्या गठ्ठ्यांमध्ये एवढीशी जागा मिळाली तरी उघडता येतो, चलन हातात, मालक समोर, ओटीपी आला की मोबाईलच माझ्यापुढं ठेवतात. माझं रात्रीचं बसणं जवळजवळ बंद झालंय. बाकी पुढं जे रडगाणं गाणार आहे ते हे लक्षात ठेवून वाचा, कारण रडण्यासारखंपण भरपूर आहे.

पहिल्यांदा कारखान्यात काढला तेव्हा पॅकिंगमधल्या अक्का म्हणाल्या, "पोरीचा आणलीस का गं?" दिसतोच तसा.

एक गोष्ट जाहिरातीत सहसा ठळक लिहीत नाहीत ती म्हणजे याला पंखा नाही. प्रोसेसर ६ वॉटचा, त्यामुळं आतल्या धातूच्या पट्टीवरच गरमी जिरते. आता टॉवेल कारखान्यात ज्यानं पाय ठेवलाय त्याला माहिती आहे, हवेत रुई असते, केसांवर, भुवयांवर, चहाच्या कपात. कारखान्यातल्या एका ऑफिसचा डेस्कटॉप उघडला होता तेव्हा त्याच्या पंख्यावर अक्षरशः नमदा बसलेला होता, हातानं सोलून काढला. माझ्या जुन्या लॅपटॉपची पण तीच गत, पंखा घरघर करायचा आणि बंद पडायचा. यात रुई ओढून घ्यायला पंखाच नाही. कीबोर्डच्या फटींत जाते ती, आठवड्यातनं एकदा पेंटचा मऊ ब्रश फिरवते, झालं. आवाज शून्य, ते घरी कळतं, कारखान्यात काय कळणार.

पण पंखा नसल्याचा भुर्दंड उन्हाळ्यात बसतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो, वर पत्र्याचं शेड. बहुतेक लॅपटॉपच्या पुस्तकात वापरायचं तापमान ३५ पर्यंतच लिहिलेलं असतं, म्हणजे मे महिन्यात सोलापुरात लॅपटॉप उघडणं हेच नियमाबाहेर. गरम झाला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो, आणि ज्याचा स्पीड मुळातच कमी त्यानं आणखी कमी करायचा म्हणजे काय बघा. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला एक्सेलची फाईल उघडायला टाकून मी ताक पिऊन यायचे. खालनं एवढा तापायचा की मांडीवर ठेवायची सोय नाही, चार्जिंगला लावलेला असताना तर नाहीच. मग मी उन्हाळाभर जड काम सकाळी अकराच्या आत उरकायचं असं ठरवून टाकलं, आणि लाकडी पोळपाट उलटा ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवायचे, हसू नका, खालनं हवा लागते.

आता रॅम. विंडोज ११ ची कमीतकमी अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी आहे, म्हणजे हा लॅपटॉप अटीच्या काठावर उभा आहे. चालू करून काही न उघडता बघितलं तर अडीच जीबीच्या आसपास विंडोजनंच खाल्लेली असते. उरलेल्यात टॅली, म्हणजे आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, अगदी मजेत चालते, टॅलीची मला काहीच तक्रार नाही. एक्सेल चालतं. जीएसटीचं पोर्टल चालतं. पण तिन्ही एकदम उघडलं आणि वर व्हॉट्सअॅप वेब लावलं की माऊसचा बाण अडखळत चालायला लागतो. एका वेळी एक, फारतर दोन, हे एकदा स्वीकारलं की भांडण मिटतं. व्हॉट्सअॅप मी मोबाईलवरच बघते. स्टार्टअपमधलं जे जे आपोआप चालू होतं ते सगळं टास्क मॅनेजरमधनं बंद केलं, ब्राउझरमध्ये मेमरी सेव्हर चालू केलं, त्यानं खरंच फरक पडला. रॅम वाढवता येत नाही, बोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळं "आत्ता घ्या मॅडम नंतर वाढवून देतो" असं कुठला दुकानदार म्हणाला तर त्याला आधी उघडून दाखव म्हणावं.

स्टोरेजचं दुखणं रॅमपेक्षा मोठं आहे, हे माझं ठाम मत. ६४ जीबी लिहिलंय, विंडोजमध्ये दिसतात ५८ च्या आसपास. यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यात ६४ चे साडेएकोणसाठ होतात, उरलेलं रिकव्हरीच्या पार्टिशनला. त्यातलं निम्मं विंडोजच धरून बसतं. मग ऑफिस, टॅली, ब्राउझर, प्रिंटरचं सॉफ्टवेअर झालं की आपल्या हातात पंधरा-वीस राहतात. आणि मोठं अपडेट यायचं म्हटलं की त्याला मोकळी जागा लागते, नसेल तर ते पेनड्राईव्ह लावा म्हणून सांगतं. अपडेट झाल्यावर जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये दहा दिवस पडून असतं, परत मागं जायचं असेल तर म्हणून, पण सगळं नीट चालू असेल तर तेवढी वाट न बघता सेटिंगमधल्या स्टोरेजमधनं मी लगेच काढून टाकते, बऱ्याच जीबी सुटतात.

ईएमएमसी म्हणजे स्वस्तातल्या मोबाईलमध्ये असते तसली मेमरी. एसएसडीचाच धाकटा भाऊ म्हणून दुकानात खपवतात, पण वाचायचा वेग सेकंदाला दोन-तीनशे एमबी, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर आणि एनव्हीएमई जातीची नवी एसएसडी तर हजारांत. जुन्या फिरत्या हार्डडिस्कपेक्षा नक्की बरी आहे, चालू व्हायला त्रास नाही, फाईल कॉपी करताना मात्र जीव जातो. मी १२८ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड कायमचं खुपसून ठेवलंय, स्कॅन केलेली बिलं, फोटो, जुन्या वर्षांचा डेटा सगळं त्यावर. टॅलीचा चालू डेटा आतच ठेवलाय आणि त्याचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राईव्हवर. कार्डावर एकट्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक, माझा एस मोडमध्ये आला होता. एस मोड म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलं सोडून बाकी सॉफ्टवेअर पडतच नाही, टॅली पडणार कुठनं. सेटिंगमधनं फुकटात बंद करता येतो, दुकानात त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. एकदा बंद केला की परत त्या मोडमध्ये जाता येत नाही, पण जायचंय कुणाला.

बॅटरी ३८ वॉट-तासाची आहे. वर लिहिलेले तास विसरा. बिलिंग, नेट, स्क्रीन निम्म्या उजेडावर असं काम असेल तर पाच-सहा तास मिळतात, उन्हाळ्यात त्यातला एक कमी. लाईट गेली तर लूम थांबतात पण माझी एंट्री थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर लूम थांबल्यावरच एंट्री नीट होते. चार्जिंग टाईप-सी वर आहे हे मला फार आवडलं, चार्जर हलका, पण मोबाईलचा कुठलाही चार्जर लावून चालत नाही, त्याला पीडी (पॉवर डिलिव्हरी, जास्त ताकदीनं चार्ज करायची सोय) असलेला चार्जर लागतो आणि वॉट पुरेसे लागतात, नाहीतर लावूनही बॅटरी खालीच जाते.

स्क्रीन सुमार. १३६६ बाय ७६८, टीएन पॅनेल म्हणजे स्वस्तातली स्क्रीन, समोरनं बघितलं तर ठीक, नजर जरा वर-खाली झाली की रंग बदलतात. टॉवेलचे शेड गिऱ्हाइकाला यावर दाखवायला जाऊ नका, मरून रंग दाखवाल आणि त्याला विटकरी दिसेल. जीएसटी पोर्टलवर आडवं स्क्रोल करून बोटं दुखतात, ब्राउझरचा झूम ८० टक्के केला की बरं पडतं. कॅमेरा नावाला आहे, सीएसाहेबांबरोबर मीटिंग असली की मी मोबाईलच लावते.

कीबोर्डला आकड्यांचा वेगळा पट्टा नाही, अकाउंटवाल्यांना हे फार लागतं. नवी पेठेतनं यूएसबीवाला नंबरपॅड आणला, तो आणि डिजिटल सहीचं टोकन असं दोन लावलं की यूएसबी संपल्या, प्रिंटरला जागा नाही, मग हब पण आणला. म्हणजे हलका लॅपटॉप आणि त्याची पिल्लं वेगळी. मराठी टायपिंग मात्र छान होतं, विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, थकबाकीची पत्रं मी त्यावरच लिहिते, मराठीत लिहिलं की पैसे जरा लवकर येतात असा माझा अनुभव.

पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये समोरच्या सीटच्या ट्रेवर हा पूर्ण उघडतो, पुढच्यानं सीट मागं केली तरी. मोठ्या लॅपटॉपला ते कधी जमलं नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर वापरणार असाल तर वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन कनेक्शन मीटर्ड करा (म्हणजे डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगा), नाहीतर कुर्डुवाडी यायच्या आत अपडेट दिवसाचा सगळा डेटा पिऊन टाकेल.

बिजागरी आता जराशी ढिली वाटायलीय, एका हातानं उघडते त्यामुळं असेल. दुरुस्तीवाला म्हणाला आत प्लास्टिकचेच खांब आहेत, तुटेपर्यंत हात लावू नका.

असले छोटे लॅपटॉप काही नवीन नाहीत. २००७ ला असूसचा ई-पीसी आला होता, ७ इंची, त्यात स्टोरेज होतं ४ जीबी. तेव्हापासून या जातीची गोष्ट तीच आहे, वजन मिळतं आणि जागा जाते.

माझ्या भावाचं म्हणणं होतं की याच पैशात ऑफिसातनं निघालेला जुना लॅपटॉप मिळतो, ८ जीबी रॅम आणि एसएसडीवाला. बरोबर आहे त्याचं. टेबलावर बसून काम असेल तर तोच घ्या. फक्त इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढचा बघा, त्याच्या आधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. मला वजन नको होतं, पंखा नको होता, म्हणून मी हा घेतला. आज घ्यायचा झाला तर मात्र एन१०० प्रोसेसरवाला बघेन, तोही ६ वॉटचाच आहे पण चार कोर आहेत, आणि ८ जीबी रॅम, १२८ च्या खाली स्टोरेज नाहीच. पैसे जास्त जातील, जाऊ देत.

शेजारच्या काकांनी विचारलं, पोराला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय, तुझ्यासारखाच घेऊ का, सुटसुटीत आहे. मी नको म्हणलं, दोनदा म्हणलं, त्याला ऑटोकॅड लागणार आहे म्हणलं. काका तरी घेऊन आले. आता पोरगं ऑटोकॅड चालू करतंय आणि जेवायला बसतंय.