येऊरच्या ‘सात परंपरां’च्या शिबिरात आमची झालेली फसवणूक

ठाण्यात येऊरच्या डोंगरावर भाड्याच्या बंगल्यात भरलेल्या एका निवासी शिबिरात माझी आणि माझ्या नणंदेची फसवणूक झाली. प्रत्येकी ३८,५०० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे नणंदेच्या जिवाशी खेळ झाला. तीच माणसं आता नाव बदलून बेलापूरच्या बाजूला नव्या शिबिराची नोंदणी घेत आहेत आणि जाहिरातीतले फोटोसुद्धा तेच आहेत. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

जाहिरात सोसायटीच्या योगाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली होती. सायबेरियाचे शामन (आत्म्यांशी बोलणारे मांत्रिक), पेरूच्या जंगलातल्या शिपिबो जमातीच्या वैद्यीण, अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींचे वडीलधारे, मंगोलियाचे शामन, नेपाळचे झाँक्री म्हणजे तिथले मांत्रिक, आपले वारली भगत वगैरे ‘सात परंपरां’चे सगळे एकाच अग्नीभोवती बसणार असं त्यात लिहिलं होतं. मधुमेह, नैराश्य, घरातल्या मृत्यूचं दुःख, सगळ्यावर उपचार होणार होते. यजमान गेल्यापासून मला रात्रीची झोप नव्हती. नणंदेच्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या. ती म्हणाली, “वहिनी, दादासाठी म्हणून तरी जाऊ या.” पैसे एका बाईच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने घेतले. पावती मागितली तेव्हा उत्तर आलं की ही फी नाही, ऊर्जेची देवाणघेवाण आहे.

मग आला नोंदणीचा फॉर्म. खरी गोम इथे आहे, त्यामुळे हा भाग नीट वाचा. घरात कोण गेलं, कधी गेलं, कशाने गेलं, कोणाशी बोलणं तुटलंय, घर स्वतःचं की भाड्याचं, कर्ज आहे का, कोणती औषधं चालू आहेत, सगळं विचारलं होतं. मृत्यूच्या कारणासाठी तयार पर्याय दिले होते: हृदयविकार, कर्करोग, अपघात, आत्महत्या, वार्धक्य. माझे यजमान किडन्या निकामी होऊन गेले. तो पर्याय यादीत नव्हता आणि काही निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी हृदयविकार निवडला.

पहिल्या रात्री अंधारात डफासारखं मोठं वाद्य वाजवत ‘सायबेरियन शामन’ एकेकासमोर येऊन बसू लागला. हा माणूस सायबेरियाचा नव्हता, घोडबंदर रोडला राहणारा होता. गुरूंकडून दीक्षा घेतली आहे असं त्याने सांगितलं, पण कोणते गुरू आणि कुठले, ते नाही. माझ्यासमोर डोळे मिटून तो म्हणाला, “छातीत मोठी कळ दिसते आहे. अचानक गेले. तुमचा निरोप राहून गेला.” आजूबाजूला लोक हुंदके देत होते. मी मात्र थिजले. यांचं जाणं अचानक नव्हतंच. डायलिसिसला मीच घेऊन जायचे आणि शेवटी शेवटी आम्ही रोजच एकमेकांचा निरोप घेत होतो. छातीतली कळ फक्त त्या फॉर्मवर होती.

लगेच पुढचं सांगणं आलं. आत्मा अडकला आहे, तो सोडवायचा स्वतंत्र विधी २१,००० रुपयांचा, आणि तो याच रात्री व्हायला हवा. मी नाही म्हटलं. माझ्या शेजारच्या बाईंचा तरुण मुलगा गेला होता. त्यांना “त्याने तुम्हाला माफ केलंय, पण तो अजून थंडीत उभा आहे” असं सांगितलं गेलं. आमचे फोन आल्या आल्या पिशवीत घालून कुलपात ठेवले होते. त्या बाईंचा फोन पैसे पाठवण्यापुरता त्यांच्या हातात दिला आणि परत घेतला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्या आईचं मूल गेलंय तिच्याशी असं वागणारी माणसं लोकांच्या घरी पुन्हा पोहोचू नयेत, एवढंच मला आता वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘लाकोटा घाम-विधी’ होता. लाकोटा लोक याला इनिपी म्हणतात. त्यात विलोच्या फांद्यांचा सांगाडा असतो, वर कातडी किंवा घोंगड्या असतात आणि आत तापलेल्या दगडांवर पाणी ओततात. इथे बांबूंवर निळं प्लास्टिकचं ताडपत्री कापड ताणलं होतं. मे महिना होता. ठाण्याच्या दमट हवेत घाम तसाही वाळत नाही. बंद प्लास्टिकखाली वाफ साठली की घामाने शरीर थंड होण्याचा मार्गच बंद होतो आणि आतलं तापमान चढत राहतं. मागच्या रांगेतली एक मुलगी कोसळली. मी दार उघडा म्हणून ओरडले तर उत्तर मिळालं, “आता उघडलं तर सगळ्यांची ऊर्जा फुटेल.” शेवटी मी आणि एका काकांनी ताडपत्री खालून उचलून तिला बाहेर ओढलं. डॉक्टर नव्हते, नर्स नव्हती, मीठ-साखरेचं पाणीसुद्धा आम्हीच स्वयंपाकघरातून आणलं.

घरी आल्यावर मी यावर वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत अॅरिझोना राज्यातल्या सेडोनाजवळ जेम्स आर्थर रे नावाच्या प्रेरक वक्त्याच्या अशाच विधीत ३ जण दगावले होते. त्या लोकांनी हजारो डॉलर भरले होते. २०११ मध्ये त्याला निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवून २ वर्षांची शिक्षा झाली. खुद्द लाकोटा लोकांनी तर १९९३ मध्येच जाहीरनामा काढून आपले विधी विकणाऱ्यांविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. म्हणजे ज्यांच्या नावाने आमच्याकडून पैसे घेतले, तेच लोक ३० वर्षांहून अधिक काळ हे करू नका म्हणून सांगत आहेत.

‘वारली शामन’ म्हणून ज्यांना बसवलं होतं ते आजोबा येऊरच्याच एका पाड्यावरचे होते. पहिल्या दिवशी दुपारी ते आंब्याखाली एकटेच बसले होते, म्हणून मी जाऊन बोलले. ते म्हणाले, “बाई, मी भगत नाय. मी तारपा वाजवतो. आमाला शूटिंग हाय म्हणून सांगितलं.” दिवसाचे ८०० रुपये ठरले होते. तारपा हे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य नवं भात घरात आल्यावर वाजवायचं, उन्हाळ्यात असं वाजवायचं नसतं, हेही त्यांनी आयोजकांना सांगून पाहिलं होतं. आम्ही किती भरले ते ऐकल्यावर बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मला आजही या आजोबांबद्दल वाईट वाटतं. त्यांची कला खरी होती. तिच्यावर खोटी पाटी लावून ती दुसऱ्यांनी विकली. पेरूच्या वैद्यीणबाई तर आल्याच नाहीत. भिंतीवर त्यांचा जुना व्हिडिओ दाखवला.

आता नणंदेबद्दल. दुसऱ्या रात्री ‘आयाहुआस्का’ नावाचा, पेरूच्या जंगलातला नशा आणणारा काढा मिळणार होता आणि त्यासाठी १० दिवस आधीपासून सगळ्या गोळ्या बंद करा असा मेसेज तिला स्वतंत्रपणे आला होता. मला किंवा डॉक्टरांना सांगू नका, ते घाबरवतील, असंही त्यात होतं. तिने तसंच केलं. शिबिरात तिला चक्कर येत होती, डोक्यात करंट बसल्यासारखं होत होतं, विनाकारण रडू फुटत होतं. आयोजक सांगत होते की शरीरातलं विष बाहेर पडतंय. त्या मुलीला बाहेर काढल्यावर मी गेट उघडायला लावलं आणि नणंदेला घेऊन थेट खाली तिच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी समजावलं की डिप्रेशनच्या गोळ्या एकदम तोडल्या की नेमकं असंच होतं. त्या कमी करायच्या तर हळूहळू आणि देखरेखीखाली. काढ्याबद्दल ते म्हणाले की त्यातल्या वेलीत हार्मिनसारखी द्रव्यं असतात, ती अशा गोळ्यांबरोबर पोटात गेली तर शरीरातलं सेरोटोनिन नावाचं रसायन बेसुमार वाढून जीव जाऊ शकतो. शिवाय त्यात जोडीला घालतात त्या पानांमध्ये डीएमटी नावाचं भास घडवणारं द्रव्य असतं आणि आपल्या १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली त्यावर बंदी आहे. म्हणजे काढा अस्सल असेल तर तो गुन्हा आणि धोका, आणि नकली असेल तर नुसत्या नावासाठी एका आजारी बाईची औषधं तोडली. यातलं कुठलंही असो, मला ते माफ करता येत नाही.

नणंद आता बरी आहे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण घडी बसायला बराच काळ गेला.

पैसे परत मागितले तेव्हा आयोजकांनी, आम्ही आल्या दिवशी घाईत सही केलेला कागद पुढे केला. त्यात ही ‘देणगी’ असून परत मिळणार नाही आणि काही झालं तर जबाबदारी आमची, असं लिहिलेलं होतं. ग्रुपमधून आम्हाला काढून टाकलं. वकिलांची नोटीस गेल्यावर निम्मे पैसे द्यायला तयार झाले, पण कुठेही बोलणार नाही असं लिहून द्यायची अट घातली. मी सही केली नाही.

वकिलांनी सांगितलेलं जसंच्या तसं देते. असल्या कागदावर सही केली म्हणून ग्राहक म्हणून तक्रार करायचा हक्क जात नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे, म्हणून जाहिरातीचे स्क्रीनशॉट ठेवा. चमत्काराच्या नावाने पैसे उकळले असतील तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्याखाली पोलिसांमध्ये दक्षता अधिकारी नेमलेले असतात. पैसे देऊन थोडाच वेळ झाला असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

येऊरच्या त्या शिबिरात जे होते त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर फॉर्मची प्रत, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि गोळ्या बंद करायला सांगणारा मेसेज पुसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली, एकाच प्रकारे फसलेल्या अनेकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आमची तक्रार दाखल आहे आणि तुमचं नाव त्यात जोडायचं असेल तर वकिलांशी गाठ घालून देण्याची जबाबदारी माझी.