नौपाड्यातला मुलांच्या दातांचा दवाखाना: आधी सिलेंडर बघितला, मग मुलीला खुर्चीत बसवलं

ठाण्यात वागळे इस्टेटला रोड नंबर १६ वर माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ऑक्सिजनचा सिलेंडर आणि रेग्युलेटर रोज हाताखाली असतो. त्यामुळे हा रिव्ह्यू दातांबद्दल कमी आणि मुलांना शांत ठेवायला नाकातून देतात त्या गॅसबद्दल जास्त झालाय, सांभाळून घ्या.

सानू सात वर्षांची. खालची दुधाची दाढ किडून गाल सुजला. आधी घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं, तर सुई बघून तिने तोंडच मिटलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "झोपेचं सिरप लिहून देतो, येताना घरूनच पाजून आणा." मी विचारलं, जास्तच झोपली तर? "काही होत नाही हो." वर्कशॉपमध्ये असं म्हणणाऱ्या हेल्परला मी ग्राइंडरला हात लावू देत नाही. एक्सरेचे तीनशे सोडले आणि उठलो.

मग हे नौपाड्यातलं क्लिनिक, राम मारुती रोडच्या बाजूच्या गल्लीतलं. मॅडमचं बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस, तेही मुलांच्याच दातांचं. पहिल्या दिवशी दाढेला हातच लावला नाही, नुसते प्रश्न. रात्री घोरते का, टॉन्सिल वाढलेत का, दमा आहे का, नाक चोंदलंय का. वजन केलं. बायको मला कोपराने ढोसत होती, की सर्दीचं विचारायला एवढे पैसे? पण गॅस नाकानेच जाणार, नाक बंद असेल तर सगळंच फुकट.

सिरपचं सांगितल्यावर मॅडमचा चेहरा बदलला. म्हणाल्या, मुलाला गुंगीचं औषध घरी द्यायचंच नाही. रिक्षात मान पुढे पडली, श्वासाची वाट दबली, तर बघणार कोण? गुंगी म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, पंख्याचा रेग्युलेटर आहे. तुम्ही दोनवर ठेवता, एखादं मूल आपोआप तीनवर जातं. म्हणून शिकायचं असतं ते तीनवर गेलेल्याला परत आणायला. डोस काय, पुस्तकातही सापडतो.

हे मला एकदम पटलं. मग मी आगाऊपणाने सर्टिफिकेट मागितलं. रागावल्या नाहीत. गॅसच्या कोर्सचं भिंतीवर होतं, जीव वाचवण्याच्या ट्रेनिंगचं कार्ड ड्रॉवरमधून काढून दाखवलं. ते दोनच वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. असिस्टंट ताईंचंही कार्ड होतं. दात करणाऱ्याचं लक्ष दातावर असतं, श्वासावर नजर ठेवायला दुसरा माणूस लागतो. बोटाला ऑक्सिमीटर असतोच, पण रुग्ण ऑक्सिजनवर असताना श्वास मंदावला तरी आकडा उशिराच पडतो. म्हणून ताई स्क्रीनइतकंच छातीकडे बघत होत्या.

रात्री घरी बसून थोडं वाचलं. अमेरिकेतल्या डेंटल असोसिएशनने २०१६ मध्ये ठरवलंय की मध्यम गुंगी द्यायची तर डेंटिस्टने किमान ६० तास शिकायचं आणि २० रुग्ण स्वतः हाताळायचे. हे मोठ्या माणसांसाठी. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते बालरोगतज्ज्ञांच्या वेगळ्या नियमांकडे बोट दाखवतात. इंग्लंडमध्ये तर २००१ संपल्यापासून दातांच्या साध्या दवाखान्यात पूर्ण भूल द्यायची सोयच नाही, हॉस्पिटल गाठायचं. आणि मला 'काही होत नाही हो'!

आता मशीन. काळा सिलेंडर, खांदे पांढरे, म्हणजे ऑक्सिजन. निळा नायट्रस ऑक्साइडचा. हाच तो हसवणारा गॅस, १८४४ साली होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन डेंटिस्टने स्वतःची दाढ काढून घेताना वापरलेला. वर दोन काचेच्या नळ्या, आत गोळ्या तरंगतात. मी विचारलं, ऑक्सिजन मध्येच संपला तर? मॅडम काही बोलल्या नाहीत. खुर्ची रिकामीच होती. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद केला. ती गोळी हळूहळू खाली आली आणि तिच्यामागोमाग नायट्रसचीही खाली बसली. नुसता निळा गॅस जाऊच शकत नाही. चालू असतानाही ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली उतरत नाही. असं कुलूप माझ्या कटिंग सेटला असतं तर निम्मी चिंता मिटली असती.

कामाच्या दिवशी नाकावर स्ट्रॉबेरीच्या वासाचा मास्क. आधी नुसता ऑक्सिजन, मग नायट्रस दहा-दहा टक्क्यांनी वाढवत पस्तीसवर थांबल्या. सानू जागीच होती, विचारलं की उत्तर देत होती. "बाबा, पाय मऊ झालेत," म्हणाली. गॅसने दुखणं पूर्ण जात नाही, त्यामुळे हिरडीला जेली आणि मग सुई द्यावीच लागली. पण ती सुई तिला कळली नाही, किंवा कळून फरक पडला नाही. पस्तीस मिनिटांत रूट कॅनाल झालं. शेवटी पाच मिनिटं पुन्हा शुद्ध ऑक्सिजन, आणि जिना स्वतः उतरून खाली.

जिन्यावरून आठवलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आजी-आजोबांना आणू नका. वेळ अकराची दिली आणि पावणेबाराला आत घेतलं, त्यात मुलगी हलक्या नाश्त्यावर, चिडचिड वेगळी. गॅसचे अडीच हजार वेगळे, हे फोनवर आधी सांगत नाहीत, विचारावं लागतं. गाडी तर आणूच नका. मी शेवटी तलावपाळीला लावली आणि तिथून चालत आलो.

पाचपैकी चार. लिफ्ट असती तर साडेचार. कॅप बसवायला पुढच्या आठवड्यात जायचंय. त्या दिवशी गॅस लागणार नाही म्हटल्यावर सानू रुसून बसलीये.