पाटलांची पाटी: शहरातल्या नेमप्लेटवाल्याकडचं काम

कोल्हापुरात नुसतं ‘पाटील’ कोरलेली पाटी म्हणजे कुरिअरवाल्याची परीक्षाच. आडनाव मूळचं गावच्या हुद्द्याचं. त्यामुळं मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, सगळ्यांत पाटील. रयत शिक्षण संस्था काढणारे कुंभोजचे कर्मवीर भाऊराव (जन्म १८८७) जैन. तिकडं जळगावच्या प्रतिभाताई २००७ साली राष्ट्रपती झाल्या.

इथला नेमप्लेट करणारा कारागीर आधी विचारतो, “गल्लीत आणखी पाटील किती?” मग वडिलांचं नाव, घर नंबर आणि हवं तर गाव घालायला लावतो. बरोबर आहे त्याचं. १२ बाय ६ इंची, ५ मिलिमीटर ॲक्रिलिकवर आडनाव दीड इंच, बाकी पाऊण इंच. रस्त्यावरून वाचता येतं.

प्रूफ, म्हणजे कोरण्याआधीचा नमुना, मात्र स्वतः तपासा. जुन्या फॉन्टमधून मजकूर उचलला की ‘टी’ची वेलांटी पहिली होते आणि ‘पाटिल’ कोरलं जातं. ॲक्रिलिकवर खोडरबर चालत नाही. डबल टेपही नको, आपल्याकडच्या पावसात ओल धरलेल्या भिंतीवरून ती सुटते. चार स्टीलचे स्क्रू, मागं स्पेसर (पाटी भिंतीपासून थोडी सुटी ठेवणारे तुकडे), आणि भोकं कडेपासून अर्धा इंच आत. अगदी कडेला पाडली की आवळताना कोपरा तडकतो. फिटिंगचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवा.