रोथेनबुर्गला मैत्रिणीकडे: आयसीईने की रिजनलने?

जर्मनीत फ्रँकफर्टहून रोथेनबुर्ग ऑब डेर टाउबरला जायचं तर थेट गाडी नाही. व्युर्झबुर्ग आणि श्टाइनाखला गाडी बदलावी लागते. निवड करायची ती व्युर्झबुर्गपर्यंतच: आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, की रिजनल एक्सप्रेस, म्हणजे हळू जाणारी प्रादेशिक गाडी?

आयसीईला साधारण सव्वा तास, रिजनलला जवळपास दोन. आयसीईचं सवलतीचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीपुरतं असतं. मैत्रीण "अजून एक कप चहा घे गं" म्हणाली, की माझी नजर घड्याळाकडे जाते.

रिजनलला डॉइचलांडटिकेट हे महिन्याचं तिकीट चालतं. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, जानेवारी 2026 पासून 63 युरो आहे. देशभरातल्या रिजनल गाड्या, ट्राम, बस महिनाभर त्यावर, आयसीई नाही. एकाच फेरीसाठी ते परवडेलच असं नाही, हिशोब करून बघा.

पण मला रिजनल आवडते ती माइन नदीमुळे. लोहरच्या पुढे आयसीई बोगद्यांच्या वेगवान मार्गाने जाते, रिजनल मात्र नदीचा काठ धरून राहते. मांडीवर चकल्यांचा डबा, खिडकीबाहेर संथ पाणी, कार्लश्टाटजवळ उतारावरचे द्राक्षमळे. हे बघत जाताना मैत्रिणीची भेट तिथेच सुरू झाल्यासारखी वाटते.

सोबत लहान मूल, जड बॅगा किंवा संध्याकाळ असेल तर मी आयसीईच घेते. श्टाइनाखहून रोथेनबुर्ग जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे, पण रात्री तिथली शेवटची गाडी चुकवून चालत नाही.