पद्मिनीसाठी कुर्ल्यातून घेतलेला जुना ब्लॉक, एकदा फसून मग दुसऱ्यांदा

बाबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे. मागच्या मे महिन्यात बोरघाटात होज (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा रबरी पाइप) फुटला, तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि आपण शहाणपणा करून तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं. टक्कन आवाज आला तेव्हाच कळलं काय केलंय ते. ब्लॉकच्या, म्हणजे सिलेंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या मुख्य धडाच्या, बाहेरच्या भिंतीला वीतभर तडा, नुसता भिंतीला असता तर मेटल स्टिचिंग (धातूच्या पिना ठोकून तडा सांधणं) करून भागलं असतं पण तो वर हेड (सिलेंडरांचं झाकण) बसतो त्या तोंडापर्यंत गेलेला. मिस्त्री काकांनी हात झटकले, "दुसरा ब्लॉक बघा."

सगळ्यांनी पहिला सल्ला दिला तो प्रीमियरच्याच 118 एनई गाडीचं इंजिन टाक. ते 1171 सीसीचं निसानचं डिझाइन, चालतं चांगलं, पण पद्मिनीत बसवायचं म्हणजे माउंटिंगपासून खटपट आणि मग ती पद्मिनी उरते का हा प्रश्न. शिवाय 2028 ला गाडीला 50 वर्षं होतील, तेव्हा व्हिंटेज गाड्यांना मिळतो तो व्हीए अक्षरांचा नंबर घ्यायचं डोक्यात आहे आणि 2021 च्या त्या नियमात चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत असं स्पष्ट म्हटलंय. म्हणून ठरवलं की तोच 1089 सीसीचा, 68 बाय 75 (सिलेंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल, मिलिमीटरमध्ये) वालाच ब्लॉक शोधायचा.

नवा मिळत नाहीच. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूच्या गल्ल्यांत गेलो, गाडी कुर्ल्यातच बनलेली त्यामुळे माहेरी चौकशीला आल्यासारखं वाटलं. मुंबईत 2003 ला शेवटची पद्मिनी टॅक्सी पासिंग झाली आणि 20 वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 ला तीही रस्त्यावरून गेली, त्यामुळे टॅक्सीचा माल अजून कुठे कुठे पडलेला सापडतो. पण टॅक्सीचा ब्लॉक म्हणजे किती लाख किलोमीटर पळालाय देव जाणे.

पहिलं दुकान (नाव लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये). ब्लॉक चकचकीत काळा रंगवलेला, नव्या नवरीसारखा. 9 हजार. मेन बेअरिंगच्या कॅप (क्रँकशाफ्टला खालून धरणारे कमानीसारखे तुकडे) नव्हत्या, तर त्याने एका डब्यातून तीन काढून दिल्या, "सब सेम है साहब." मी घेतल्या. घरी येऊन मशीन शॉपला दिला, तिथे कॉस्टिकच्या गरम टाकीत रंग निघाला आणि रंगाखाली काय, तर एम-सील. एम-सील निघाल्यावर तडा, माझ्या जुन्या ब्लॉकपेक्षा लांब! मशीन शॉपवाल्या काकांनी एक कॅप बसवून माझं बोट जोडावरून फिरवलं, नखाला पायरी लागत होती. म्हणाले, कॅप ब्लॉकला बसवून एकत्रच बोअर केलेल्या (आतून कोरून गोल केलेल्या) असतात, दुसऱ्या ब्लॉकची कॅप म्हणजे दुसऱ्याची कवळी. परत घ्यायला दुकानदाराने साफ नकार दिला, म्हणे धुतलेला माल वापस नही होता. 9 हजार गेले.

दुसऱ्या दुकानाला मी पाचपैकी चार देतो. ते दोन गल्ल्या पलीकडे, बसायला जागा नाही, मालक तुसडा, फोनवर भाव सांगत नाही. पण ब्लॉक जसा इंजिनातून निघाला तसाच, काळ्या तेलाने माखलेला, तिन्ही कॅप आपापल्या जागी बोल्टने आवळलेल्या, त्यांच्यावर पंचाच्या खुणा. मी ब्लेडने तोंड खरवडलं, ते सपाट आहे का हे पट्टी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) सरकवून पाहिलं, वेल्श प्लगभोवती (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) गंज किती खाल्लाय ते टॉर्चने पाहिलं, सगळं करू दिलं, फक्त "जल्दी करो" एवढं पाच वेळा ऐकावं लागलं. 13,500 ला दिला. प्रेशर टेस्टमध्ये (ब्लॉकमध्ये दाबाने पाणी भरून गळती बघतात) पाणी गळलं तर 8 दिवसांत परत, हे त्याने स्वतः बिलावर लिहून दिलं, इंजिन नंबरासकट.

हा इंजिन नंबर फार महत्त्वाचा हं. तो ब्लॉकवरच ठोकलेला असतो, म्हणजे ब्लॉक बदलला की आरसीवरचा नंबर जुळत नाही. पहिल्या दुकानात एकजण म्हणाला होता की घासून तुमचा नंबर पंच करून देतो. मी हात जोडले, उद्या चोरीची गाडी म्हणून उभी केली तर? बिल घ्या, आरटीओत इंजिन बदलल्याची रीतसर नोंद करा आणि हे ब्लॉक घ्यायच्या आधी विचारून घ्या, नंतर नाही.

मशीन शॉपच्या काकांनी बोअर गेज (सिलेंडरचा व्यास मोजायचं साधन) लावला तर तिसरा सिलेंडर चांगलाच अंडाकृती झालेला, बाकीचे बरे. माझी एक चूक इथे वाचली ती म्हणजे सिलेंडर बोअर करून मोठे करायची घाई केली नाही. आधी पुढच्या साइजचा पिस्टन सेट हातात आला, पिस्टन मोजले, मग त्या मापाने बोअर. काही लोक आधी बोअर करतात आणि मग त्या साइजचे पिस्टन शोधत फिरतात. पिस्टन मिळाले नसते तर चारही सिलेंडरला स्लीव्ह (आतून नवी नळी) मारून परत 68 ला आणायची तयारी होती, पण खर्च वाढला असता. प्रेशर टेस्ट पास, डाय टेस्ट (रंग लावून बारीक तडे शोधणं) पास, डेकला, म्हणजे हेड बसतो त्या तोंडाला, सपाट करायला हलका कट.

एक तक्रार आहेच. हेड आवळायचा एक स्टड (आंट्यांचा खिळा) आतच तुटलेला होता, वरून चिखल असल्याने मला दिसला नाही. काकांनी ड्रिल करून काढला, आंटे नवे पाडले. दुकानदाराला फोन केला की निदान याचं काही कमी करा.

गाडी आता सुरू आहे, स्टिअरिंगवरचा गिअर टाकून आई पुढच्या बाकावर बसून देवळापर्यंत जाऊन आली. स्टडचे 300 रुपये मात्र त्याने शेवटपर्यंत दिले नाहीत.